तात्कालिक कारण

स्मरणिकेच्या ग्रुपवर "तू अमेरिकेत असतेस, तिकडचं काहीतरी लिही" असा निरोप आला, तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. बर्फ, दिवाळीचा फराळ, महाराष्ट्र मंडळाचा गणपती हे सगळं तुम्ही फोटोंत पाहताच. शिवाय आपल्या वर्गात निबंधाचं बक्षीस कधी माझ्या वाट्याला आलं नाही. गणितात पैकीच्या पैकी आणि इतिहासात काठावर, अशी माझी ख्याती. ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी इतिहासावर लिहितेय याचं हसू येईल. पण लिहायचं ठरल्यावर डोळ्यांसमोर आल्या त्या आपल्या इतिहासाच्या बाईच.

चाचणीत प्रश्न होता, "१८५७ च्या उठावाची कारणे लिहा." मी पानभर काडतुसांवर लिहिलं होतं. गाईची चरबी, डुकराची चरबी, मंगल पांडे, सगळं व्यवस्थित. पाचपैकी एक गुण मिळाला. मी तक्रार घेऊन गेले, तेव्हा बाईंनी विचारलं, "काडतुसं नसती, तर उठाव झाला नसता का?" मला उत्तर आलं नाही. मग त्यांनी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काडतुसं हे तात्कालिक कारण. काडी कोणी ओढली ते सगळेच सांगतात. गवत कोणी वाळवलं ते शोधा, त्याला मूळ कारण म्हणतात." पुढे पहिल्या महायुद्धाच्या वेळी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, तिथेही तेच. गोळी २८ जून १९१४ ला सुटली, पण दारू कितीतरी वर्षं साठत आली होती.

हा लेख त्या एका गुणाची भरपाई आहे असं समजा. मी जिथे गेली १८ वर्षं राहते, त्या महासत्तेची मूळ कारणं शोधण्याचा हा प्रयत्न आहे. एका इंजिनिअरने केलेला, तेव्हा चुकभूल द्यावी घ्यावी.

आधी माझ्या धंद्याबद्दल थोडं. रात्री दोन वाजता कुठलीतरी यंत्रणा बंद पडते, फोन वाजतो, आम्ही धावपळ करून ती चालू करतो. खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. 'रूट कॉज अ‍ॅनालिसिस' नावाचा एक कागद लिहावा लागतो. टोयोटाच्या कारखान्यात रूढ झालेली एक पद्धत त्यासाठी वापरतात. पाच वेळा 'का' विचारायचं. एकदा आमची अशीच एक यंत्रणा बंद पडली. का? सुरक्षेच्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली होती. नूतनीकरण का झालं नाही? आठवण देणारी नोंद एकाच माणसाच्या कॅलेंडरमध्ये होती. त्याने का केलं नाही? त्याला चार महिन्यांपूर्वी कामावरून कमी केलं होतं. मग त्याचं काम कोणाकडे दिलं? कोणाकडेच नाही. का? कपात करताना किती पगार वाचले ते मोजलं होतं, कोण काय सांभाळत होतं ते नव्हतं. सर्टिफिकेट हे तात्कालिक कारण. नोकरीत लागल्यावर हा कागद मी पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, हे तर बाईंनी शाळेतच शिकवलं होतं.

या कागदाचा एक नियम आहे. ज्यांच्या हातून चूक झाली ते आणि ज्यांनी ती सोसली ते, दोघांनी एकत्र बसून तो लिहायचा, आणि शेवटी दोघांची सही एकाच कारणावर पडली पाहिजे. दोघांनी दोन कारणं लिहिली, तर यंत्रणा पुन्हा बंद पडणार हे नक्की.

आता अमेरिकेकडे वळते. आपल्या आजीसाठी अमेरिका म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळालेली तांबडी मिलो. वडिलांसाठी अमेरिका म्हणजे १९७१ च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागराकडे निघालेलं सातवं आरमार. आपल्यासाठी अमेरिका म्हणजे कॅम्पस इंटरव्ह्यू. तिन्ही पिढ्यांना ती एक प्रचंड, न हलणारी वस्तू वाटली. पण ज्या वर्षी ते आरमार निघालं, त्याच वर्षी ही महासत्ता आतून चांगलीच हललेली होती.

दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स या गावी ठरलं होतं की जगातली चलनं डॉलरला बांधायची आणि डॉलर सोन्याला. ३५ डॉलर द्या, एक औंस सोनं घ्या. ही सोय परदेशी सरकारांसाठी होती. पुढे व्हिएतनामचं युद्ध आणि देशातल्या कल्याणकारी योजना एकाच वेळी चालवायच्या म्हणून डॉलर सढळ हाताने खर्च झाले. जगात डॉलर झाले फार आणि तिजोरीतलं सोनं पडलं कमी. १५ ऑगस्ट १९७१ च्या रविवारी संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष निक्सन टीव्हीवर आले आणि त्यांनी सोन्याची ती खिडकी बंद केली. त्याच भाषणात त्यांनी पगार आणि किमती ९० दिवसांसाठी गोठवल्या आणि आयात मालावर १० टक्के जादा कर लावला. आयातशुल्काचं हत्यार आजचं नाही, ते असं जुनं आहे.

पुढची दहा वर्षं म्हणजे संकटांची रांगच. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेला पिंपाचा भाव काही महिन्यांत बारा डॉलरजवळ गेला. पेट्रोलपंपांवर मैल मैल रांगा लागल्या. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. ५८ हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक ज्या युद्धात गेले, त्याचा शेवट छपरांवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांनी झाला. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानचा दूतावास ताब्यात घेतला गेला आणि ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले. १९८० साली महागाई साडेतेरा टक्के होती. राजकारण, अर्थकारण, परराष्ट्र धोरण या तिन्ही विषयांत एकाच वेळी नापास. हा देश आता उतरणीला लागला, असं तेव्हा खुद्द अमेरिकेतच म्हटलं जात होतं.

पण तो उतरला नाही. का, हा माझा पहिला 'का'.

माझं उत्तर तीन आकड्यांत आहे. वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करायला सिनेटने फेब्रुवारी १९७३ मध्ये समिती नेमली, तेव्हा मतदान झालं ७७ विरुद्ध ०. निक्सन यांचा स्वतःचा पक्षही चौकशीच्या बाजूने उभा राहिला. जुलै १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफिती हवाली करण्याचा आदेश दिला, तो ८ विरुद्ध ०. त्या आठांतले तीन न्यायाधीश निक्सन यांनीच नेमलेले होते. त्यानंतर तीनच दिवसांनी प्रतिनिधीगृहाच्या समितीने महाभियोगाचं पहिलं कलम २७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केलं. त्या २७ मध्ये निक्सन यांच्या पक्षाचे सहाजण होते. ९ ऑगस्टला निक्सन गेले. सत्तेवर कोण बसावं यावर त्या देशात तेव्हाही कडाक्याचं भांडण होतं. पण काय घडलं यावर एकमत होऊ शकत होतं.

महागाईचंही तसंच. १९७९ मध्ये कार्टर यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हचं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचं प्रमुख नेमलं. व्होल्कर यांनी पैसा आवळला आणि व्याजदर २० टक्क्यांपर्यंत चढू दिले. घरं बांधणाऱ्यांचा धंदा बसला, त्यांनी निषेध म्हणून लाकडाचे तुकडे पोस्टाने बँकेकडे पाठवले. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वॉशिंग्टनमध्ये बँकेच्या दारात आले. १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर पोचली. कार्टर तोपर्यंत निवडणूक हरले होते. पण त्यांच्या जागी आलेल्या विरोधी पक्षाच्या रेगन यांनी १९८३ मध्ये त्याच व्होल्कर यांना पुन्हा नेमलं. त्या वर्षी महागाई सव्वातीन टक्क्यांच्या आत आली. औषध कडू होतं आणि त्याची किंमत कामगारांनी नोकऱ्या देऊन मोजली, हे विसरायचं नाही. पण दुखणं काय आहे यावर दोन पक्षांनी मिळून सही केली होती.

आता मी अमेरिकेत आले त्या काळाकडे येते. २००७ मध्ये नवरा, मी आणि दीड वर्षाची मुलगी, तिघं न्यू जर्सीत उतरलो. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि २००९ च्या मार्चमध्ये माझी नोकरी गेली. एका खोलीत आम्हा अकराजणांना बोलावलं आणि दहा मिनिटांत सगळं संपलं. नोकरीबरोबर माझा व्हिसाही गेला. नवऱ्याची नोकरी होती म्हणून त्याच्या व्हिसावर अवलंबून अशी माझी नोंद झाली, आणि त्या नोंदीवर तेव्हा काम करायची परवानगी नव्हती. चौदा महिने घरात बसले. मुलीला बालवाडीत सोडून गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जायचं, हाच दिनक्रम. इंजिनिअरच्या डोक्याला एकच प्रश्न छळत होता, माझी नोकरी का गेली? कंपनीने काढली हे तात्कालिक कारण. गवत कोणी वाळवलं?

त्या वाचनातून एक साखळी हळूहळू दिसायला लागली. या महासत्तेची प्रत्येक दुरुस्ती पुढच्या बिघाडाचं कारण झाली होती.

१९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्यांना रोखायला अमेरिकेने पाकिस्तानमार्फत मुजाहिदीनांना पैसा आणि शस्त्रं पुरवली, १९८६ पासून स्टिंगर क्षेपणास्त्रंही. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या, डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच संपला. दुरुस्ती यशस्वी! पण शस्त्रांनी भरलेला आणि वाऱ्यावर सोडलेला तो देश पुढे तालिबानच्या हाती गेला आणि तिथेच अल् कायदाला आसरा मिळाला. ११ सप्टेंबर २००१ ला २,९७७ माणसं मारली गेली. त्यातून अफगाणिस्तानचं वीस वर्षांचं युद्ध आलं. २००३ मध्ये ज्या अस्त्रांच्या नावाखाली इराकवर हल्ला केला, ती अस्त्रं सापडलीच नाहीत. या सगळ्याच्या आधी, १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षं अमेरिकी सरकारचा अर्थसंकल्प शिलकीत होता. नंतर कर कमी झाले, युद्धं वाढली, आणि शिल्लक पुन्हा दिसली नाही.

पैशाचीही तशीच साखळी. २००१ च्या मंदीतून सावरायला फेडरल रिझर्व्हने साडेसहा टक्क्यांवरचा व्याजदर २००३ पर्यंत एक टक्क्यावर आणला. पैसा स्वस्त झाला, घरांच्या किमती फुगल्या. ज्यांची ऐपत नव्हती त्यांनाही कर्ज मिळालं, आणि बँकांनी ती कर्जं एकत्र बांधून उत्तम माल म्हणून जगभर विकली. फुगा फुटल्यावर बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरचा कायदा झाला. बँका वाचल्या, पण लाखो कुटुंबांची घरं गेली. आमच्या गल्लीतली दोन घरं महिनोन्‌महिने रिकामी होती, पुढच्या अंगणातलं गवत कमरेएवढं वाढलेलं. बाईंचं ते वाळलेलं गवत मला तिथे अक्षरशः दिसलं.

आणि तिसरी साखळी चीनची. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. चीन श्रीमंत झाला की सौम्यही होईल, अशी दोन्ही पक्षांतल्या बऱ्याच नेत्यांची अटकळ होती. दुकानांतला माल स्वस्त झाला, त्याचा फायदा आम्ही सगळ्यांनीच घेतला. पण २००० साली सुमारे १ कोटी ७० लाख असलेल्या कारखान्यांतल्या नोकऱ्या २०१० पर्यंत १ कोटी १५ लाखांवर आल्या. सगळा दोष चीनचा नाही, यंत्रं आणि मंदी यांचाही त्यात वाटा आहे. तरी ओहायो आणि पेनसिल्व्हेनियातल्या ज्या गावांचा एकुलता एक कारखाना बंद पडला, त्यांना हे टक्केवारीचे वाद ऐकवून काय उपयोग? त्यांचा राग मतपेटीत उतरला. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावर आयातशुल्क लावलं, त्यांच्यानंतर आलेल्या बायडन यांनीही ते बहुतेक तसंच ठेवलं. २०२५ मध्ये ट्रम्प परत आल्यावर ते जवळजवळ साऱ्या जगावर लागलं. ऑगस्टमध्ये भारताच्या बऱ्याच मालावर ते ५० टक्के झालं, त्यातला अर्धा हिस्सा रशियाचं तेल घेतो म्हणून.

युद्ध, पैसा, व्यापार अशा तीन साखळ्या मी वेगवेगळ्या सांगितल्या खऱ्या, पण त्या एकमेकींत गुंतल्या आहेत. युद्धाने कर्ज वाढवलं, स्वस्त पैशाने कर्ज झाकलं, स्वस्त मालाने नोकऱ्या गेल्याचं दुःख काही काळ लपवलं, आणि उरलेल्या रागाने राजकारण फाडलं. सरकारचं कर्ज २००१ मध्ये सहा लाख कोटी डॉलरच्याही आत होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ३८ लाख कोटींच्या पुढे गेलं. २०२४ च्या आर्थिक वर्षात संरक्षणावर जेवढा खर्च झाला, त्याहून जास्त व्याजापोटी गेला. जगातलं सर्वांत खर्चिक लष्कर ज्याचं आहे, त्या देशाचं व्याज त्या लष्कराहून महाग झालं.

पण संकटं १९७० च्या दशकातही होती. मग आता वेगळं काय आहे? हा माझा शेवटचा 'का'. त्याचं उत्तर मला त्याच वाचनालयात एका जाड अहवालात मिळालं.

९/११ च्या हल्ल्याची चौकशी करायला नेमलेल्या आयोगात दोन्ही पक्षांचे पाच पाच, असे दहा सदस्य होते. जुलै २००४ मध्ये त्यांनी एकमताने अहवाल दिला. २००८ च्या आर्थिक संकटाची चौकशी करायलाही दहाजणांचा आयोग नेमला. त्याचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला. मी तो हातात घेतला, कारण त्यात माझ्या नोकरीचं उत्तर असणार होतं. उघडून पाहते तर एकाच पुठ्ठ्यात तीन अहवाल. सहाजणांनी लिहिलं, संकट टाळता आलं असतं, देखरेख करणारे झोपले आणि बँकांनी बेफाम जोखीम घेतली. दुसऱ्या पक्षाच्या तिघांनी लिहिलं, कर्जाचा फुगा जगभर होता, कारणं दहा आहेत. आणि उरलेल्या एकाने लिहिलं, सरकारचं घरबांधणी धोरण हेच कारण. पक्षाची रेघ जिथे होती, तिथेच अहवालाची चीर गेली होती. आमच्या कंपनीत कोणी असा कागद आणला असता, तर तो परत पाठवला असता.

त्यानंतर ही चीर रुंदच होत गेली. ६ जानेवारी २०२१ ला जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. त्याची स्वतंत्र चौकशी व्हावी म्हणून ९/११ च्या धर्तीवर आयोगाचं विधेयक आलं. सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ३५ मतं पडली. पुढे जायला ६० लागतात, म्हणून ते तिथेच थांबलं. १९७३ चे ते ७७ विरुद्ध ० आठवा. कोविडमध्ये या देशात ११ लाखांहून जास्त माणसं गेली, ९/११ च्या शेकडो पट. त्यासाठी तसा राष्ट्रीय आयोग नेमलाच गेला नाही. कर्जमर्यादेच्या भांडणात २०११ मध्ये एका पतमापन संस्थेने अमेरिकेची सर्वोच्च पत काढून घेतली, २०२३ मध्ये दुसरीने, मे २०२५ मध्ये तिसरीने. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकारी कामकाज ४३ दिवस बंद होतं, तोवरचं सर्वांत लांब. आमच्या शेजारणीचा नवरा विमानतळावर सुरक्षा तपासणीला आहे, तो ते सगळे दिवस बिनपगारी कामावर जात होता.

माझ्या मते या महासत्तेपुढचं आजचं सर्वांत मोठं आव्हान चीन नाही, कर्ज नाही, रशियाही नाही. काय बिघडलं यावर दोघांची सही एका कागदावर पडत नाही, हे आहे. बाकीची आव्हानं ही तात्कालिक कारणं होण्याच्या रांगेत उभी आहेत.

इथे बाई नक्की अडवतील आणि विचारतील, "दुसरी बाजू?" ती लिहिते. अमेरिका बुडणार ही भाकितं फार वेळा झाली आहेत. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला तेव्हा झालं. त्या धसक्याने १९५८ मध्ये नासा निघाली, आणि आर्पा नावाची एक संस्थाही. त्या संस्थेने १९६९ मध्ये सुरू केलेल्या संगणक जाळ्यातून पुढे इंटरनेट उभं राहिलं. म्हणजे माझं पोटपाणी अमेरिकेच्या एका पराभवातून सुरू झालं. १९८७ मध्ये इतिहासकार पॉल केनेडी यांनी महासत्तांच्या उदयास्तावरच्या ग्रंथात, झेपेपेक्षा जास्त पसरलेली साम्राज्यं कशी थकतात ते दाखवलं. सगळ्यांनी तो अमेरिकेला लावला, आणि चार वर्षांत कोसळला सोव्हिएत संघ. १९८९ मध्ये जपानी कंपन्यांनी हॉलिवूडचा स्टुडिओ आणि रॉकफेलर सेंटरचा हिस्सा विकत घेतला तेव्हा आता जपानच पुढे जाणार असं वाटलं. त्याच वर्षाच्या शेवटी जपानचा शेअरबाजार ज्या शिखरावर पोचला, तिथे परत यायला त्याला ३४ वर्षं लागली. तेव्हा भाकीत मी करणार नाही. शिवाय देश म्हणजे सर्व्हर नव्हे. आमच्या कागदात कोणाला दोष देत नाहीत, देशाच्या कारभारात मात्र दोषी कोण हे ठरवावंच लागतं. अवघड आहे ते हेच, की दोष ठरवतानाही कारण खरं शोधायचं.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने का लिहितेय, तेही सांगते. इथल्या ग्रीन कार्डाचा कायदा १९९० चा आहे. नोकरीवर आधारित अशी वर्षाला १ लाख ४० हजार कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण ७ टक्के. तेव्हा आपण पाचवीतसुद्धा नव्हतो. २०१३ मध्ये सुधारणेचं विधेयक सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं, प्रतिनिधीगृहाने ते मतदानाला घेतलंच नाही. माझा अर्ज २०१४ चा, अजून रांगेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लागलं, ते कायदा बदलून नाही, राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीने. संसदेत एकमत होत नाही, तेव्हा देश असा सह्यांवर चालतो, आणि दुसरा आला की दुसरी सही. माझी मुलगी पुढच्या वर्षी २१ पूर्ण करेल. त्या दिवसापासून ती माझ्या व्हिसावर राहू शकत नाही. दीड वर्षाची आली, इथेच अक्षरं गिरवली, आणि आता तिला स्वतंत्र विद्यार्थी व्हिसा काढावा लागेल, परदेशी पाहुणी म्हणून.

परवा मी नेहमीसारखी संसदेच्या नावाने बोटं मोडत होते. तिने शांतपणे विचारलं, "आई, कायदा तर तुला पहिल्यापासून माहीत होता ना?"

बाई, तुमचा प्रश्न तिच्या तोंडून आला. कायदा हे तात्कालिक कारण. २०१० मध्ये, चौदा महिने घरी बसल्यानंतर, पुण्यात मला एक बरी नोकरी मिळत होती. "आणखी दोन वर्षं, मग परत जाऊ" असं आम्ही ठरवलं. २०१२ ला पुन्हा तेच, २०१५ ला पुन्हा तेच. प्रत्येक वेळी त्या वर्षाची अडचण सोडवली आणि मूळ प्रश्न पुढच्या वर्षावर ढकलला. सरकारचं कर्ज आणि आमचं 'परत जाऊ' हे दोन्ही सारख्याच पद्धतीने वाढलं. हे मी तिला त्या रात्री सांगितलं. कायदा जुनाट आहे हे खरं, आणि आम्ही तिच्या वतीने रांग लावली आणि तिला विचारलं नाही, हेही खरं. दोन्ही एकाच कागदावर लिहिलं. तिने ऐकून घेतलं, रागावली, दोन दिवस फारशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विद्यार्थी व्हिसाचा अर्ज घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. आम्ही तो मिळून भरतोय.

मेळाव्याला मी येणार आहे, तिलाही आणणार आहे. बाई, हा लेख तिने वाचलाय, मराठी अक्षरं लावत लावत. तुमच्यापुढे उभं राहून ती विचारणार आहे की तिच्या आईला पाचपैकी एकच गुण का दिला होता. यंदा किती मिळतील, ते तुम्हीच तिला सांगा.